मृदुलेचे दुसरे जावळ

फाल्गुन सरत आला होता आणि पळसाचे रक्त काही थांबत नव्हते.

उतारा-उतारावर, कपारी-कपारीतून, निष्पर्ण फांद्यांच्या टोकाटोकाला ते लाल ओघळत होते; आणि त्या लाल रानाच्या माथ्यावर, उघडाबोडका, अग्निदग्ध, विदीर्णवक्ष असा तो डोंगर उभा होता. सूर्य त्याच्या पाठीत सुरा खुपसून निवांत बसला होता.

या डोंगराला रोज मारतात. सकाळी नऊला सुरुवात होते, एक ते दोन जेवणाची सुट्टी, मग सहापर्यंत पुन्हा. रविवारी बंद. त्याने कुणाचे काय बिघडवले, हे तोफखान्याच्या कुठल्याही कागदात लिहिलेले नाही. वर्षानुवर्षे तो मार खातो आहे आणि वर्षानुवर्षे तिथेच उभा आहे. आता नेम धरणाऱ्यांनाच त्याची इतकी सवय झाली आहे की तो हलला तर त्यांची पंचाईत होईल.

धडाम.

डोंगराच्या पायथ्याशी छावणी. छावणीत पिवळ्या भिंतींच्या, हिरव्या दारांच्या क्वार्टरांच्या ओळी. त्या ओळींमध्ये संसार. आणि ते संसार दोन तोफांच्या मधल्या वेळात चालत. गोळा सुटला की बोलणे थांबे, कपबशा थरथरत, भिंतीवरचे देव किंचित तिरके होत. आवाज विरला की वाक्य जिथे तुटले तिथून पुढे. बायका नवऱ्यांशी चार-चार शब्दांत भांडायला शिकल्या होत्या. चार शब्दांत माणूस फार वाईट बोलू शकत नाही. छावणीतली बरीच लग्ने केवळ त्यावर टिकून होती.

हवालदार विश्वजीत मांढरे आणि त्याची बायको वृषाली यांचेही सात वर्षे टिकले. मग तोफांची कसलीशी तपासणी निघाली आणि पाच दिवस डोंगराला मार पडला नाही. पाच दिवस अखंड, नितळ, निर्दय शांतता. त्या शांततेत दोघे प्रथमच पूर्ण वाक्ये बोलले.

सहाव्या दिवशी तोफा सुरू झाल्या, तेव्हा वृषालीची ट्रंक दाराबाहेर होती.

कोर्टाने मुलगी आईला दिली आणि बापाला शनिवार दिले. दुसरा आणि चौथा, दहा ते पाच. मुलीला आणायचे आणि न्यायचे छावणीच्या फाटकावर, लाल-पांढऱ्या आडव्या दांड्यापाशी. लग्नात वृषाली त्याला ‘अहो’ म्हणे. कागद झाल्यावर ती ‘तू’वर आली. आता कुठे ओळख झाली, असे तिचे म्हणणे होते.

मुलीचे नाव मृदुला. वय आठ. केस कमरेच्या खाली.

काय ते केस! कृष्णघन, तैलस्निग्ध, अमावस्येच्या ओंजळीतून ओतल्यासारखे. वृषाली एसटीत वाहक होती, तिची पहिली गाडी साडेसहाची. त्याआधी, उजाडता उजाडता, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर रोज एक युद्ध होई. आई ओढी, मुलगी किंचाळे. कंगव्याचे दात तुटत, पण गुंता सुटे. आणि शेवटी लाल रिबिनीची एकच एक जाड वेणी जन्माला येई. तिन्ही पेड सारखे. एकही केस बाहेर नाही. फाटकावर विश्वजीतच्या हाती मुलगी देताना वृषाली ती वेणी मुद्दाम पुढे आणून ठेवी. बघ, एकटीने सांभाळलंय, असे ती वेणी बोलत असे, आणि विश्वजीतला ते बरोबर ऐकू येई.

आजचा शनिवार मात्र शेवटचा होता.

मंगळवारी विश्वजीत निघणार होता. उत्तरेला, उंचावर, हिमशुभ्र, प्राणशोषक अशा ठिकाणी, जिथे शनिवार नसतात. दोन वर्षे. वर्षातून एक महिना रजा. कोर्टाच्या कागदात शनिवार होते, महिना नव्हता. महिन्यासाठी वृषालीची सही हवी, असे वकील म्हणाला होता. सही नाही तर दोन वर्षे मुलगी नाही. आणि दोन वर्षांत आठाची मुलगी दहाची होते. दहाची मुलगी अनोळखी बापाला नमस्कार करते आणि आत निघून जाते.

अर्ज त्याने छातीच्या खिशात ठेवला होता. चार घड्या घालून, वर बटण लावून. वृषालीला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती पाचला येते, सव्वापाचच्या बसने जाते. मधली पंधरा मिनिटे म्हणजे सुमारे सात तोफा. तेवढ्यात सांगू, असे त्याने ठरवले होते.

मृदुलेला त्याने दुपारी कँटीनमध्ये सांगितले. मध्ये समोशांची प्लेट ठेवून, जणू समोशांच्या मागे दडून.

“मी पण येणार,” मृदुला म्हणाली.

“तिकडं पोरींना नेत नाहीत, जवान.” तो तिला जवानच म्हणे.

“मग कुणाला नेतात?”

धडाम. समोसे हलले. विश्वजीत मांढरे शूर होता. शत्रूचा गोळा शेजारी पडला तेव्हा त्याने चहा सांडू दिला नव्हता. पण मुलीचे डोळे भरून आले की त्याला विनोद सुचत, आणि ते वाईट असत.

“ज्याची कटिंग झालीय त्याला,” तो गंभीरपणे म्हणाला. “नियम आहे. कटिंग झाली की नाव यादीत.”

मृदुलेने समोसा खाली ठेवला. पुढे एकही प्रश्न विचारला नाही. यावरूनच त्याला कळायला हवे होते.

मग बदलीच्या कागदांवर सह्या करायला त्याला ऑफिसात बोलावणे आले. वर्दी अंगावर होतीच. मुलीला त्याने सावलीतल्या बाकावर बसवले आणि दहा मिनिटांत येतो म्हणाला. बाक न्हाव्याच्या खोलीबाहेर होता. आत नव्याने भरती झालेल्यांची रांग लागली होती. मृदुला उठली आणि रांगेत उभी राहिली.

छावणीचा न्हावी वाळूबा. एकतीस वर्षे याच खुर्चीमागे. या एकतीस वर्षांत त्याने माणसाचा चेहरा असा पाहिला नव्हता. त्याच्या लेखी माणूस कानापाशी संपत असे. मान यायची, मान जायची. तो मान वाकवी, मशीन चालवी, मान सरळ करी.

खुर्चीत एक मान आली. वाळूबाला क्षणभर वाटले, केस जरा लांब आहेत. हल्लीची भरती, तो मनात म्हणाला, आणि मशीन सुरू केले.

यांत्रिक, कर्कश, क्षुधार्त असे ते पाते कपाळापासून निघाले आणि माथ्याच्या मध्यातून मानेपर्यंत गेले. एक रस्ता पडला. मग दुसरा. मग तिसरा. अरण्य कोसळले. इतक्या वर्षांची अमावस्या बत्तीस सेकंदांत सरली. कानामागे एक बारीक रक्तरेषा उमटली. आणि वेणी जमिनीवर पडली तेव्हा धप्प असा आवाज झाला. रांगेतला पहिला दचकून मागे सरला. मृदुलेने ओठ दाताखाली घट्ट धरले होते. रोज सकाळी किंचाळणारी ती मुलगी आज हूं की चूं करीत नव्हती. जवान रडत नसतात.

“चला, पुढचा,” वाळूबा म्हणाला.

विश्वजीत परतला तेव्हा ती बाकापाशी सावधान उभी होती.

त्याने पाहिले, आणि पाहिले न पाहिले केले. डोक्यावरची स्वतःची टोपी काढून त्याने ती मुलीच्या डोक्यावर कानांपर्यंत दाबून बसवली. हे एखाद्या जखमेवर हात ठेवावा तसे झाले. मग तो आत गेला, वाळूबाच्या पायाशी पडलेली वेणी उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कँटीनमधून केशवर्धक तेलाची सर्वांत मोठी बाटली घेऊन आला. काय उपयोग, हे त्यालाही माहीत होते. पण लढाईत माणूस हाताला येईल ते उचलतो.

पाच वाजले. सूर्य आता डोंगराच्या पाठीतून सुरा उपसत होता. पश्चिमेला सगळीकडे डाग पडले होते.

रस्त्याच्या वळणावरून वृषाली आली. ड्यूटी संपवून थेट. खाकी गणवेशात, खांद्याला चामडी पिशवी, पिशवीत दिवसभराची चिल्लर. फाटकावर नाईक घाटगे पहाऱ्याला होता, कोल्हापूरकडचा, मिशीचा, नियमाचा पक्का. त्याने विश्वजीतच्या उघड्या डोक्याकडे पाहिले आणि डोळे फिरवले. वर्दीतला माणूस टोपीविना म्हणजे अर्धा नागडाच.

“हे घे,” विश्वजीत म्हणाला, आणि आधी पुडके पुढे केले.

का केले, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आले नाही. कोर्टाच्या कागदात वेणीचा वेगळा उल्लेख नव्हता. तरी ती तिची तिला परत करायला हवी, असे त्याला वाटले असावे.

वृषालीने वर्तमानपत्र उलगडले. आत लाल रिबीन होती. तिन्ही पेड सारखे होते. एकही केस बाहेर नव्हता.

धडाम.

हा तोफेचा की तिचा, हे घाटगेला नीट कळले नाही. पिशवी हवेत गेली, चामड्याचा पट्टा आभाळभर फिरला, आणि ती शस्त्रास्त्रांत न मोडणारी, तांब्यापितळेची, गर्जनशील गदा विश्वजीतच्या खांद्यावर उतरली.

“पोरीचे केस कुठायत?” धडाम. “दिवसभर कुठं होतास?” धडाम. “एक शनिवार! फक्त एक!” धडाम.

ती अजून चार शब्दांतच भांडत होती. संसार गेला तरी वळण जात नाही. डोंगरावर गोळा, खांद्यावर पिशवी. खांद्यावर पिशवी, डोंगरावर गोळा. आणि दोघेही, डोंगर आणि विश्वजीत, तस्सेच उभे. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना, नजर समोर. त्याने मार चुकवला नाही, कारण चूक त्याचीच होती. आणि सावधानमध्ये हलता येत नाही, हेही एक होते.

“वैनी,” घाटगे पुढे आला, “वर्दीवर नगासा मारू. वर्दी सरकारची हाय.” त्याने किंचित विचार केला. “डोसक्यावर मारा. डोसकं त्येंचंच हाय.”

वृषालीने आयुष्यभर नियमाने नोकरी केली होती. तिने मान डोलावली आणि नेम वर घेतला.

भुवई फुटली. रक्त आले, पळसाला लाजवील असे, उष्ण, उतावळे. नाकाच्या बाजूने, हनुवटीवरून, थेंब-थेंब, ते छातीच्या खिशावर उतरले आणि बटणाखाली शिरले.

आता मात्र घाटगेचा नाइलाज झाला. वर्दीतल्या माणसाचे रक्त सांडले तर घंटा वाजवावी, असे त्याच्या पाठीमागच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. त्याने घंटा वाजवली. गार्डरूमचे दार धाडकन उघडले, सहा बंदूकधारी धावत बाहेर आले आणि एका रेषेत उभे राहिले.

आणि इथे एक अडचण आली. घंटेवर गार्ड बाहेर पडली की समोरच्या साहेबाला सलामी द्यायची, हा सहा जणांचा रोजचा, रक्तात भिनलेला शिरस्ता. त्यांनी समोर पाहिले. एक माणूस उघड्या डोक्याचा, रक्ताने माखलेला. तो साहेब नक्कीच नाही. एक लहान मुलगी. आणि एक खाकीतली बाई, ताठ, रागाने पेटलेली, समोरच्याला भर रस्त्यात झोडपणारी. शंकेला जागाच नव्हती.

“सलामी शस्त्र!”

सहा बंदुका खटकन छातीसमोर आल्या. सहा बुटांनी धूळ उडवली.

वृषाली थबकली. अकरा वर्षांच्या नोकरीत तिला कुणी सलाम केला नव्हता. लोक सुटे द्या, एवढेच म्हणत. कुणी मान दिला तर परत द्यावा, असे तिला आईने शिकवले होते. तिने उजवा हात कपाळाकडे नेला. उजव्या हातात पिशवी होती. आधीच मार देऊन-देऊन दमलेला पट्टा तटकन तुटला आणि नाणी उधळली.

तारकापुंज फुटावा तशी ती फुटली. डांबरावर, दगडांवर, बुटांवर आपटत, किणकिणत, चक्राकार पळत सुटली.

पडलेले नाणे रस्त्यावर सोडून उभी राहील, ती वाहक कसली? वृषाली गुडघ्यांवर बसली. तिच्या मागे मृदुला बसली. आणि सावधान सोडून, कुणाचा हुकूम नसताना, विश्वजीतही बसला. तिघे रांगत होते. तिघांचे हात एकाच धुळीत फिरत होते. दांड्याखाली घरंगळलेल्या एका रुपयासाठी मृदुला वाकली आणि टोपी पडली.

तोफ सुटायला अजून अवकाश होता.

तांबूस उजेडात ते इवले मस्तक दोघांच्या मध्ये होते. नवजात, निराधार, मातीच्या घटासारखे. आणि त्याच्या माथ्यावर दोन भोवरे होते. एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. एकमेकांच्या विरुद्ध, एकमेकांना लागून. दोन वादळे एकाच तळहाताएवढ्या आभाळात. एकही मागे हटलेले नव्हते. आणि दोन्हींच्या कडांचे केस, जिथे भेटत होते तिथे, मुकाट्याने एकाच दिशेला वळले होते.

विश्वजीत पाहत राहिला. भुवईचे रक्त डोळ्यात उतरत होते, तरी त्याने डोळा मिटला नाही.

“जावळ काढलं तेव्हा पण असंच दिसलं होतं,” वृषाली म्हणाली. आवाज खाली आला होता. “दादाच्या मांडीवर बसवली होती. तू सीमेवर होतास. फोन लागला तेव्हा सांगितलं होतं तुला, दोन भोवरे आहेत म्हणून.”

“ऐकलं होतं.”

“मग असा काय बघतोस?”

“ऐकलं होतं गं,” तो म्हणाला. “दिसलं नव्हतं.”

धडाम. या वेळी कुणीही काही हाणले नाही.

“बाबा,” मृदुलेने विचारले, “माझं नाव यादीत आलं का?”

“कसली यादी?” वृषाली.

मग ते सगळे बाहेर आले, तुकड्या-तुकड्यांनी. समोसा, नियम, रांग, वाळूबा. मंगळवार. बर्फ. दोन वर्षे. बोलता-बोलता विश्वजीतने खिशाचे बटण काढले आणि अर्ज पुढे केला. चारही घड्यांवर रक्ताचे चार सारखे डाग उमटले होते. वृषालीने तो तिथेच, धुळीत बसून, पहिल्या ओळीपासून वाचला. वाहकाने कागद न वाचता सोडायचा नसतो.

“महिनाभर?”

“वर्षातून एकदा.”

“एका दिवसात टक्कल करून आणलंस. महिन्यात काय करशील?”

त्याला विनोद सुचला नाही, प्रथमच सुचला नाही.

“आणि वेणी कोण घालणार हिची महिनाभर?”

“शिकेन.”

“पयलं केस तर येऊ द्यात, वैनी,” घाटगे हळूच म्हणाला. वृषालीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो दोन पावले मागे जाऊन पहारा देऊ लागला.

मग ती मुलीकडे वळली. “नाव नाही आलं तुझं, मृदू. तसली यादीच नसते. बाबाने थाप मारली.”

बत्तीस सेकंद पात्याखाली न रडलेली, कानामागच्या रक्ताला न रडलेली मृदुला तेव्हा रडली. मोठ्याने, तोंड उघडून, आभाळाकडे बघत. जवानपणा गळून पडला आणि उरली ती आठ वर्षांची, उघड्या डोक्याची, जिला कुणीच बर्फात नेणार नव्हते. एकाच क्षणी दोन हात पुढे झाले. एक तिकिटांच्या शाईने काळा, एक रक्ताने लाल. दोन्ही त्या माथ्यावर टेकले. एकमेकांना शिवले नाहीत; पण एकही आधी उचलला गेला नाही.

सहा जण अजून सलामीतच होते. बंदुका खाली घ्यायचा हुकूम कुणी दिला नव्हता.

वृषालीने कानामागचे पेन काढले. अर्ज मांडीवर ठेवून, डागांच्या शेजारी, त्यांना न पुसता, तिने सही केली. खाली एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवली: ‘मुलीला कुठल्याही न्हाव्याच्या शंभर पावलांच्या आत नेणार नाही.’ मग कागद त्याच्या छातीवर थापटला. जरा जोरातच, तो अर्धा तडाखाच होता.

“वर्षाने ये,” ती म्हणाली, “पण धड ये. आणि ते रक्त पूस. पोरगी बघतेय.”

मृदुलेने टोपी उचलली, धूळ झटकली आणि बापाच्या डोक्यावर बसवली; थोडी तिरकी. तिरकी टोपी म्हणजे शिक्षा. विश्वजीतने ती सरळ केली नाही.

सव्वापाचची बस आली. तुटक्या पट्ट्याची पिशवी कडेवरच्या मुलासारखी धरून वृषाली चढली, मागोमाग मृदुला. घंटीची दोरी दोनदा ओढली गेली आणि लाल धुळीचे लोट उठवीत ती वळणाकडे निघाली. मागच्या खिडकीतून एक बोडके डोके बाहेर आले.

वारा त्या डोक्याकडे धावला, रोजच्या सवयीने, काहीतरी उधळायला, काहीतरी विस्कटायला. आणि तिथे काहीच नव्हते. तो क्षणभर घुटमळला. मग त्या उघड्या माथ्यावरून, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, त्याने हात फिरवला; आणि मागे वळून, रस्ता ओलांडून, दांड्याखालून वाकून आत येऊन, तो फाटकात उभ्या माणसाच्या ओल्या चेहऱ्यावर हलके, हलके, अगदी हलके निजला.